चित्रतुरगन्याय आणि यंत्रसोबत : वृद्धांच्या द्विधा भावाचा एक विचार

१

वार्धक्यातील एकाकीपणाचा विचार आधुनिक मराठी नाटकाने प्रामुख्याने कुटुंबाच्या चौकटीत केला आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील (१९७०) गणपतराव बेलवलकर आणि जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मधील नाना-नानी यांची दुःखे सारखी नाहीत. एकाला घर असून घरपण उरलेले नाही, तर दुसऱ्यांच्या घरात बोलायला माणूस नाही. तरीही एका बाबतीत या दोन्ही नाटकांत साम्य आढळते. त्यांतील वृद्ध माणसे रक्ताच्या नात्याबाहेर सोबत शोधू लागतात. बेलवलकरांना अखेरीस बूटपॉलिश करणाऱ्या राजाचा आधार लाभतो. नाना-नानी परक्या माणसाशी चाललेले बोलणेही लांबवू पाहतात. ही सोबत केवळ ऐकणाऱ्याची नाही, हेही लक्षात घेणे अगत्याचे आहे. आपल्यापाशी जे उरले आहे ते कोणाला तरी देता यावे, ही या वृद्धांची खरी भूक आहे.

सोबतीच्या या शोधाला गेल्या पंचवीस वर्षांत जपान, दक्षिण कोरिया, अमेरिका आदी देशांत एक वेगळेच उत्तर पुढे आले आहे. ते म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा यंत्रसोबती. त्याला वृद्धांकडून मिळणारा प्रतिसाद मात्र एकसुरी नाही. यंत्राला नाव देणे, त्याच्याशी बोलणे, ते बिघडल्यावर हळहळणे आणि त्याच वेळी ‘हे यंत्रच आहे’ असे निक्षून सांगणे, या गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी आढळतात. या द्विधा भावाची उपपत्ती लावताना पाश्चात्त्य चर्चा बहुतांशी ‘फसवणूक’ या संकल्पनेभोवती फिरत राहिली. भारतीय साहित्यशास्त्रातील श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय येथे अधिक उपयुक्त ठरू शकतो का, आणि ठरत असल्यास कोठपर्यंत, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या विषयाचा आरंभ वार्धक्याच्या संदर्भात झालेला नाही. १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबाऊम यांनी ‘एलिझा’ नावाच्या संगणकीय संवादकाची माहिती प्रसिद्ध केली. समोरच्याचेच वाक्य उलटवून त्याचा प्रश्न करणे, एवढेच त्या आज्ञावलीचे कौशल्य होते. ती आकाराला येताना महिनोन्‌महिने पाहणाऱ्या वायझेनबाऊम यांच्या सचिव तिच्याशी संवाद करू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबाऊम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. १९७६ च्या आपल्या ग्रंथात वायझेनबाऊम यांनी हा प्रसंग चिंतेच्या सुरात नोंदवला आहे. समोर यंत्र आहे हे त्या स्त्रीला पुरते ठाऊक होते. तरीही त्या बोलण्याला एकांत हवा होता. ज्ञान आणि जिव्हाळा यांचे हे सहअस्तित्व पुढील सर्व चर्चेच्या मुळाशी आहे.

वृद्धांसाठीच्या यंत्रसोबतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे जपानमधील ‘पारो’. ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून विकसित केलेले हे यंत्र सीलच्या पांढऱ्या पिल्लाच्या रूपात आहे. कुरवाळले की ते मान वळवते, डोळे मिटते, आवाज काढते. २००५ पासून जपानमध्ये त्याची विक्री सुरू झाली आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांतून त्याचा विशेष वापर होतो.

दक्षिण कोरियातील ‘ह्योदोल’ ही लहान मुलाच्या रूपातील बाहुली आहे. एकट्या राहणाऱ्या हजारो वृद्धांना स्थानिक प्रशासनांमार्फत ती देण्यात आली. औषधाची वेळ ती सांगते आणि ‘माझा हात धर’ अशा प्रकारचा लाडिक हट्टही करते. तिच्या नावातील ‘ह्यो’ या शब्दाचा अर्थ मातृपितृभक्ती असा आहे. जी भक्ती पुत्राकडून अपेक्षित होती, तिचे नाव बाहुलीला मिळावे, यात त्या समाजाची व्यथा आपोआप व्यक्त झाली आहे.

इस्रायलमधील एका कंपनीच्या ‘एलिक्यू’ने याहून वेगळा मार्ग स्वीकारला. माणसाचे वा प्राण्याचे रूप टाळून ते मेजावरच्या दिव्यासारखे घडवण्यात आले. मात्र ते हाक मारण्याची वाट न पाहता स्वतःहून बोलणे काढते. न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण कार्यालयाने आठशेहून अधिक वृद्धांना ते देण्याची योजना २०२२ मध्ये जाहीर केली.

३

या यंत्रांवरील सर्वांत मूलभूत आक्षेप ऑस्ट्रेलियातील तत्त्वचिंतक रॉबर्ट स्पॅरो यांनी २००२ मध्ये मांडला. यंत्रप्राण्यापासून वृद्धाला जो लाभ होतो, तो त्या यंत्राला खरा प्राणी मानण्यावर अवलंबून असतो. म्हणजे लाभाचे मूळ आत्मवंचनेत आहे, आणि जगाचे यथार्थ ज्ञान करून घेण्याच्या कर्तव्याशी ही आत्मवंचना विसंगत आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. अमांडा व नोएल शार्की यांनी २०१२ च्या आपल्या निबंधात वंचनेच्या जोडीला इतरही धोके नोंदवले. माणसांचा सहवास घटणे, खासगीपणा व स्वातंत्र्य यांवर मर्यादा येणे आणि वृद्धाला बालवत् वागवले जाणे हे त्यांतील प्रमुख होत. यंत्रसोबत नाकारणाऱ्या वृद्धांच्या बोलण्यात हा शेवटचा मुद्दा वारंवार डोकावतो. साऱ्या आयुष्याचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाच्या मांडीवर खेळणे ठेवले जाते, तेव्हा त्याला वाटणारा संकोच स्वाभाविक आहे. औषध घेतले की नाही याची नोंद ठेवणारा सोबती हा सोबती आहे की पहारेकरी, हा प्रश्नही तितकाच स्वाभाविक आहे.

शेरी टर्कल यांनी ‘अलोन टुगेदर’ (२०११) या ग्रंथात शुश्रूषागृहातील एका वृद्धेचे वर्णन केले आहे. मुलाशी संबंध तुटल्यामुळे दुःखी झालेली ही स्त्री पारोलाच दुःखी समजते आणि त्याची समजूत घालते. ती घालता घालता तिचे स्वतःचेही सांत्वन होते. टर्कल यांना यात दिलासा दिसत नाही. जे आयुष्याविषयी काहीच जाणू शकत नाही अशा वस्तूशी तिला आयुष्याविषयी बोलावे लागते, याची त्यांना खंत वाटते.

ही खंत रास्त आहे. परंतु त्याच प्रसंगात दुसरी एक गोष्ट घडत आहे आणि ती सहसा दुर्लक्षित राहते. त्या वृद्धेला सांत्वन मिळाले ते कोणी तिची समजूत घातली म्हणून नव्हे. तिला कोणाची तरी समजूत घालता आली म्हणून. बेलवलकर आणि राजा यांच्या नात्याकडे पाहिलेल्या वाचकाला हा अनुभव अनोळखी वाटणार नाही. पारो आणि ह्योदोल यांना जो ओलावा मिळतो, त्याचे एक कारण ती यंत्रे काहीतरी मागतात हे आहे. वृद्धाकडे मागणारे कोणी न उरणे हा एकाकीपणाचा फारसा न बोलला जाणारा भाग होय.

४

वृद्धेचे ते ज्ञान वंचना होते काय? येथे शंकुकाकडे वळणे उपयुक्त ठरते. शंकुकाचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत ‘अभिनवभारती’तील खंडनातून आणि पुढे मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तून ज्ञात होते. रंगभूमीवरील नटाविषयी प्रेक्षकाला होणारी ‘हा राम’ ही प्रतीती कोणत्या प्रकारची असते, हा त्याचा प्रश्न होता. ती सम्यक् प्रतीती नाही, कारण नट राम नसतो. ती मिथ्या नाही, कारण मिथ्याज्ञान नंतर बाधित होते आणि तसा बाध येथे होत नाही. ‘हा राम असेल वा नसेल’ असा संशय प्रेक्षकाला पडत नाही आणि ‘हा रामासारखा आहे’ असे सादृश्यज्ञानही त्याला होत नाही. चित्रातील घोड्याला पाहून ‘हा घोडा’ असे आपण म्हणतो, तशी ही पाचवी, विलक्षण प्रतीती होय.

यंत्रसोबतीविषयीची आजची बरीचशी चर्चा या पहिल्या चार कोटींतच अडकलेली दिसते. स्पॅरो यांच्या मते ही प्रतीती मिथ्या आहे. विक्रेत्यांची भाषा तिला सम्यक् ठरवू पाहते. ‘वृद्धांचा गोंधळ होतो’ असे म्हणणारे तिला संशय मानतात आणि ‘नातवंडासारखे’ असे म्हणणारे सादृश्य. परंतु आपल्या यंत्राला नावाने हाक मारून पुढच्याच क्षणी त्याची विद्युत्‌घटी बदलणाऱ्या वृद्धाचा अनुभव यांपैकी कशातच बसत नाही. विद्युत्‌घटी बदलल्याने हाक खोटी ठरत नाही. तेथे बाध होत नाही. द्विधा वाटणारा हा भाव म्हणूनच बुद्धीची शिथिलता नव्हे. नाटक पाहताना प्रत्येक सहृदय जे करतो तेच येथे घडत असते. तरुण प्रेक्षकाच्या ठायी ज्याला रसिकता म्हणायचे, त्यालाच वृद्धाच्या ठायी भ्रम म्हणणे न्याय्य ठरत नाही.

शंकुकावर भट्टतौताने घेतलेला आक्षेपही येथे उद्बोधक आहे. रामाला कोणीच पाहिलेले नाही. मग नट रामाचे अनुकरण करतो हे प्रेक्षकाने कशावरून ठरवावे, असा त्याच्या आक्षेपाचा एक भाग आहे. पारोच्या निर्मितीतही या प्रश्नाला समांतर अशी एक अडचण आली होती. शिबाता यांनी आधी मांजर आणि कुत्रा ही रूपे योजून पाहिली. परंतु खऱ्या प्राण्यांचा सहवास लाभलेली माणसे यंत्राची त्यांच्याशी तुलना करीत आणि निराश होत. सीलचे पिल्लू बहुतेकांनी कधी हाताळलेले नसते, म्हणून ते स्वीकारले गेले. मूळ अपरिचित असणे हा तौताच्या दृष्टीने अनुकरणाच्या उपपत्तीतील दोष होता. पारोच्या बाबतीत तेच यशाचे कारण ठरले. अनुकार्याशी ताडून पाहणे जेथे थांबते तेथे जिव्हाळ्याला वाव मिळतो, असा याचा अर्थ लावता येईल.

५

तथापि या न्यायाच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा अधिकाऱ्याची आहे. चित्रातील घोडा चित्रातील आहे हे जाणण्याची शक्ती शंकुकाने गृहीत धरली आहे. स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यावर ही शक्तीच क्षीण होते. तेथे प्रतीती खरोखर मिथ्या असू शकते आणि स्पॅरो यांचा आक्षेप पूर्ण बळाने लागू पडतो. पारोचा वापर मुख्यतः याच वर्गात होत असल्याने ही मर्यादा गौण मानता येत नाही.

दुसरी मर्यादा अभिनवगुप्ताच्या रसविघ्नविचारातून लक्षात येते. ‘हे सुखदुःख माझे’ किंवा ‘हे दुसऱ्या अमक्याचे’ असा स्वगत-परगत भाव रसास्वादात विघ्न आणतो, असे तो म्हणतो. यंत्रसोबतीत मात्र ‘माझे’पण हेच नात्याचे मर्म आहे. रंगमंदिरातला शोक साधारणीकृत असतो. घरातला जिव्हाळा विशिष्टच राहतो. म्हणून नाटकातील शोकाचा आस्वाद घेता येतो, तर यंत्र गेल्याचे दुःख भोगावेच लागते.

तिसरी मर्यादा यातूनच निघते आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. नाटकाचा पडदा केव्हा पडणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते व तो आपल्या पायांनी घरी जातो. यंत्रसोबतीचा पडदा दुसऱ्याच्या हाती असतो. सोनी कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या ‘आयबो’ या यंत्रश्वानाचे उत्पादन २००६ मध्ये थांबले आणि २०१४ मध्ये कंपनीने त्याची दुरुस्तीही बंद केली. २०१५ पासून चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी अंत्यविधी होऊ लागले; विधीनंतर त्यांचे सुटे भाग इतर आयबोंच्या दुरुस्तीसाठी वापरले जात. अमेरिकेतील ‘जिबो’ या गृहसोबत्याने तर २०१९ मध्ये आपली सेवा थांबणार असल्याचे मालकांना स्वतःच सांगून निरोप घेतला. कोफुकुजीतील विधी पाहून हसणे सोपे आहे. पण त्या माणसांनी यंत्राला सजीव मानले होते असे त्यातून सिद्ध होत नाही. सुटे भाग काढून घेण्यास त्यांनी संमती दिली, यावरूनच ते यंत्र असल्याची जाणीव शाबूत होती हे दिसते. त्यांनी शोक केला तो नात्याचा. त्या नात्यातील एक बाजू यांत्रिक होती. दुसरी बाजू, म्हणजे दिलेला वेळ, घेतलेली काळजी आणि लागलेली सवय, पूर्णतः मानवी होती.

६

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘वृद्ध फसवले जातात काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. बुद्धी शाबूत असलेल्या वृद्धाच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी येते आणि त्या नकारावर विसंबून व्यवस्था निश्चिंत होऊ शकते. विचारायला हवेत ते दोन वेगळे प्रश्न. हा प्रयोग चालू ठेवण्याचा व थांबवण्याचा अधिकार कोणाचा? आणि त्या प्रयोगात वृद्धाला केवळ प्रेक्षकाची जागा आहे की देणाऱ्याचीही?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्र पूर्णत्वाने देऊ शकत नाही. पारोची समजूत घालता येते, परंतु ती त्याला पटली की नाही हे कळण्याला तेथे जागाच नाही. राजा बेलवलकरांकडून जे घेतो, ते त्याच्या आयुष्यात पुढे जाते. यंत्राला दिलेले तेथेच थांबते. यंत्राशी बोलताना वृद्धाच्या चेहऱ्यावर येणारे समाधान आणि त्यामागोमाग येणारा किंचित उपहास, या दोहोंचा उगम या जाणिवेत आहे. चित्रातील घोडा पाहून होणारा आनंद खरा असतो. मात्र त्या आनंदाकडे बोट दाखवून तबेला रिकामा ठेवण्याचे समर्थन करता येत नाही, आणि हे वृद्धांइतके इतर कोणालाही स्वच्छ दिसत नसावे.