अकलोलीची कुंडं आणि कापरेकरांचे आकडे

तनू : मामा, अकलोलीच्या तीन कुंडांत हात घातला, तिन्ही गरम. चौथंही गरमच असणार ना?

मामा : अटकळ चांगली आहे. शंका वाटली तर तानसेकाठची उरलेली कुंडंही तपासता येतील. ती कधीतरी संपतात. संख्या संपत नाहीत, पंचाईत तिथे आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या ‘डेम्लो’ संख्या घे; डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांनी हे नाव ठेवलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. पुढे?

तनू : १२३४५४३२१! आकडे चढतात आणि उतरतात. हे असंच चालणार.

मामा : नऊ एकांपर्यंत चालतं. दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतीतला ८ गेला आणि मध्ये दोन शून्यं आली. गुणाकार मांडून बघ : एकांच्या ओळी एकेक घर सरकत जातात, म्हणून मधल्या उभ्या रांगेत जितक्या ओळी तितके एक जमतात. नऊपर्यंत हातचा येत नाही, दहाला येतो. नियम कुठवर टिकेल, हे त्या नऊ उदाहरणांना सांगता आलं नसतं. हातच्याने सांगितलं.

तनू : मग उदाहरणं करून बघणं फुकटच की!

मामा : छे! त्यांच्याशिवाय अटकळ सुचणार कशी? आणि कधीकधी तीच सिद्धता होतात. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घे, अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी कर, उत्तरावर पुन्हा तेच. कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घेतलं तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. ६१७४ वर पोचायला यापेक्षा जास्त वजाबाक्या अशा कुठल्याच संख्येला लागत नाहीत. सगळ्या संख्या तपासायचीही गरज नाही. वजाबाकी दोनच गोष्टींवर ठरते : सर्वांत मोठ्या व लहान अंकांतला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक. अशा जोड्या फक्त ५४. त्या तपासल्या की संपलं.

तनू : आणि न संपणाऱ्यांचं काय? १, १ + ३, १ + ३ + ५... उत्तरं १, ४, ९. इथेही पुढे कुठेतरी हातचा आडवा येईल.

मामा : नाही येणार. पाच बाय पाच ठिपक्यांचा चौकोन काढ. सहा बाय सहा करायला एका बाजूला पाच, खाली पाच आणि कोपऱ्यात एक, असे अकरा ठिपके लागतात. अकरा म्हणजे बरोबर पुढची विषम संख्या. पाचच्या जागी न घाल : न + न + १. चौकोन केवढाही असो, वाढवायची रीत हीच.

तनू : म्हणजे पहिला चौकोन आणि ही रीत, एवढंच तपासायचं?

मामा : एवढंच. पण रीत ‘न’साठी तपासायची, पाचासाठी नव्हे.