टीसीवर आहे, आधारवर नाही

अमरावतीत राजापेठेला माझ्या भाच्याचं 'आपले सरकार' सेवा केंद्र आहे. शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून सकाळी मी तिथं बसतो, लोकांचे अर्ज तपासून देतो. त्याआधीची सगळी नोकरी दाखल-खारीज रजिस्टर आणि टीसीची पुस्तकं भरण्यात गेली. माणसाच्या कागदावर धर्म लिहिणं हे माझं पगारी काम होतं. हल्ली कुणी ना कुणी विषय काढतं, की आधारवर एकदाचा धर्म छापून टाकला तर काय बिघडतं, लपवायचं काय त्यात? माझं म्हणणं असं, की जो कागद रस्त्यावर दहा जणांना दाखवावा लागतो, त्यावर धर्म नको. का, ते कागद भरताना जसं दिसत गेलं तसं सांगतो.

१. रकाना छापला की तो भरावाच लागतो.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. पहिल्या आठवड्यात कार्यालयासमोर रांग असते आणि कारकुनाला मान वर करायला फुरसत नसते. मेळघाटातला बाप पोराला वसतिगृहात टाकायला आलेला असतो. नाव, जन्मतारीख, मातृभाषा इथवर ठीक चालतं. 'धर्म?' म्हटलं की तो कारकुनाकडं बघतो आणि म्हणतो, तुम्हीच लिहा साहेब. कारकून 'हिंदू' लिहितो, पुढं जात 'कोरकू' लिहितो आणि पुढच्याला हाक मारतो. अनुसूचित जमातीच्या सवलतीला धर्माची अट नाही, म्हणून या शब्दानं त्या पोराचं बनत-बिघडत काही नाही. पण त्याच्या बापानं तो शब्द उच्चारलेला नसतो. पुढं तो टीसीवरून कॉलेजात जातो, कॉलेजातून जातीच्या दाखल्याच्या फायलीत, आणि वीस वर्षांनी तोच शब्द 'शाळेच्या अभिलेखानुसार' म्हणून पुरावा ठरतो.

आता रजिस्टर गेलं, संगणक आला. रकान्यापुढं लाल तारा असतो. यादीतलं काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

रकाना रिकामा ठेवू द्या, हा उपाय लोक सुचवतात. इंडोनेशियानं तो करून पाहिला. तिथं ओळखपत्रावर धर्म असतो. सरकारमान्य सहा धर्मांत न बसणाऱ्या, जुन्या पारंपरिक श्रद्धेच्या लोकांनी रकाना मोकळा सोडायचा अशी सोय होती. झालं काय, तर मोकळ्या रकान्यामुळंच माणूस उठून दिसायला लागला. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं त्या श्रद्धांनाही कार्डावर जागा द्यायला सांगितलं. रकाना काढण्याऐवजी यादी वाढली.

२. एका घरात तीन कागद तीन गोष्टी सांगतात.

अमरावती-अकोल्याकडं हे घराघरांत आहे. एक पोरगा जातीच्या दाखल्यासाठी आला होता. तीन कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, माह्या टीसीवर बौद्ध आहे, बाबाच्या टीसीवर हिंदू महार, अन् आबाजीच्या नकलेत तं धर्मच नाही. मंग मी कोन आहो?"

आबाजीची नक्कल म्हणजे कोतवाल बुकाची. आमच्या वऱ्हाडात जुने जन्म-मृत्यू गावचा कोतवाल लिहवून घेई. तहसिलीतून त्याची नक्कल काढली की जीर्ण पानावरच्या नोंदीत नाव सापडतं आणि शेजारी जात. ती आजही लाखमोलाची, कारण अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख धरतात आणि त्याआधीचा पुरावा शोधत माणूस थेट आज्याच्या कागदापर्यंत जातो.

त्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली, आणि वऱ्हाडातली गावंच्या गावं बौद्ध झाली. घरातले देव गेले, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आले, लग्नं बौद्ध पद्धतीनं लागू लागली. शाळेत मात्र पोराच्या नावापुढं बरेचदा 'हिंदू महार' हेच राहिलं. लोक खोटं बोलत होते असं कुणी म्हणेल तर त्यानं १९५० चा अनुसूचित जाती आदेश वाचावा. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असं ठरवलं होतं. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना यायला १९९० उजाडलं. महाराष्ट्र सरकारनं राज्याच्या सवलती नवबौद्धांना त्याच्या कितीतरी आधी दिल्या, पण पोरगा बडनेऱ्याला रेल्वेत किंवा पोस्टात लागावा असं वाटणाऱ्या बापापुढं ३४ वर्षं एकच सवाल होता: मनातला धर्म लिहू, की पोराच्या पोटाचा? कुणी एक लिहिला, कुणी दुसरा. एकाच घरात थोरल्याचा एक आणि धाकट्याचा दुसरा, असंही झालं.

त्या पोराचं काम झालं. वंशावळीचं शपथपत्र केलं, तिन्ही कागद एका माळेत बसवले. जो कायदा माहीत असलेल्या कारकुनापुढं बसतो त्याचं असं होतं. आता समजा हेच आधारवर छापायचं ठरलं. कुठला धर्म छापणार? आज्याचा, बापाचा की त्याचा? आणि टीसीत नि आधारात फरक निघाला तर? नावातला एक काना चुकला तर लोकांची पेन्शन अडलेली मी रोज पाहतो. धर्माच्या तफावतीवर कोण किती वर्षं हेलपाटे घालेल, याचा हिशेब मला तरी करवत नाही.

त्या पोराच्याच गल्लीतला दुसरा माणूस ख्रिस्ती झाला असेल, तर त्याला अनुसूचित जातीचं दार अजून बंदच आहे. केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला तो यासाठीच. त्यामुळं कुणाचा धर्म 'नुसती माहिती' म्हणून लिहू या, असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. आपल्याकडं तो शब्द कधीच नुसती माहिती नव्हता.

३. दाखला एका खिडकीवर दाखवतात, कार्ड सगळीकडं.

जातीचा दाखला वर्षभर कपाटात असतो. प्रवेश, नोकरी, निवडणूक, एवढ्याला निघतो. ज्याच्यापुढं ठेवायचा त्या अधिकाऱ्याला तो मागण्याचं कारण असतं. आधारचं तसं नाही. सिमकार्डवाला मागतो, लॉजवाला मागतो, रेल्वेतला तिकीट तपासनीस मागतो, घरमालक मागतो, आणि झेरॉक्सवाल्याच्या टोपलीत त्याच्या वाया गेलेल्या प्रती पडलेल्या असतात. (आमच्या केंद्रात त्या आम्ही फाडतो. सगळीकडं फाडत नाहीत.)

पहिलं आधार महाराष्ट्रातच निघालं. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, आदिवासी गावात. तेव्हापासून नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो, बोटं, डोळे एवढंच घेतात. २०१६ च्या आधार कायद्यात तर स्पष्टच आहे, की वंश, धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न, आजार यांची माहिती त्यात घ्यायची नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना आपला देश ठाऊक होता. पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, यांतल्या कशावरही धर्म नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

४. "नावावरून कळतंच की!"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवतात, आणि तो अगदीच पोकळ नाही. १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ ला अमरावतीत जी धार्मिक दंगल झाली, तिच्यानंतर संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. राजापेठेतली शटरं खाली होती आणि दवाखान्याला निघालेला माणूसही खिशात कार्ड ठेवून निघायचा. नाव वाचलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय बदलतं, ते तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी पाहिलं.

पण नाव फक्त अंदाज देतं. आमच्याकडं देशमुख हिंदूही आहेत आणि मुसलमानही. पटेल म्हटलं तर गुजरात्यापासून बाळापूरच्या मुसलमानापर्यंत कुणीही असू शकतो. बबलू आणि मुन्ना तर साऱ्यांचेच. या अंदाजात चुकीला जागा असते, आणि बिघडलेल्या दिवशी चुकीला असलेली जागा म्हणजे माणसाला निसटायला असलेली जागा. छापील रकाना ती जागा बुजवतो. रवांडात बेल्जियन राजवटीनं १९३० च्या दशकात दिलेल्या ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी ते लिहिलेलं असे. राजवट गेली, कार्डं राहिली. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर उभ्या असलेल्या टोळ्या तीच कार्डं मागत होत्या. आपण रवांडा नाही, हे मलाही कळतं. पण ती कार्डं छापताना तरी कुणाच्या मनात १९९४ होतं?

५. मोजायचं असेल तर जनगणना आहे.

तिथं धर्म विचारतात आणि विचारावाही. महाराष्ट्रात २०११ मध्ये ६५ लाखांवर बौद्ध होते, देशातल्या बौद्धांपैकी चारांतले तीन, हे कळलं ते त्यामुळंच. पण १९४८ च्या कायद्यानं तुमचं एकट्याचं पान कुणाला पाहता येत नाही, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही.

६. रकान्यानं भलं झालेलंही पाहिलंय.

अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या अर्जात धर्म लिहिला म्हणूनच पोरीचे पैसे खात्यात आले, अशी घरं माझ्या ओळखीची आहेत. मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, २०१४ पासून जैनसुद्धा. तिथं स्वतःचं घोषणापत्र पुरतं. विद्यार्थी सांगतो, सही करतो, झालं.

याहून अवघड उदाहरण सिंध्यांचं. रामपुरी कॅम्पाकडं जा, फाळणीत सगळं सोडून आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी दुकानं चालवताना दिसेल. मागाहून आलेल्या कुणाकुणाच्या नातेवाइकाकडं मात्र पाकिस्तानचा पासपोर्ट असतो. त्या पासपोर्टवर धर्माचा रकाना आहे. तिथं 'मुसलमान' लिहवून घ्यायचं तर अहमदियांविरुद्धच्या मजकुरावर सही करावी लागते, यावरून तो रकाना कशाला ठेवलाय ते समजावं. १९९२ मध्ये तिथल्या सरकारनं हाच रकाना राष्ट्रीय ओळखपत्रावरही आणायचं ठरवलं होतं. ख्रिस्ती लोक रस्त्यावर आले आणि तो बेत मागं घ्यावा लागला. आता गंमत बघा. आपला २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा धर्म बघून दार उघडतो, मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम आले, आणि जो शब्द तिथं माणसाला बाजूला काढण्यासाठी छापला होता तोच इथं त्याच्या कामाला आला. कायदा बरोबर की चूक, हा वाद निराळा. एखाद्याच्या आयुष्याची वाट त्या शब्दानं मोकळी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरी माझं मत हलत नाही. त्या माणसाला धर्म दाखवायचा होता तो एका कार्यालयात, एका अर्जासोबत. पानाच्या टपरीवर नव्हे.

७. 'कोणताही नाही' म्हणणाऱ्यांची दखल घ्यायला आपण अजून शिकलेलो नाही.

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलता येतं तसा धर्मही बदलल्याची जाहिरात देता येते. एकातून दुसऱ्यात जायला रस्ता आहे. बाहेर पडायचं म्हटलं तर? मुंबईत तिघांनी 'आमचा कोणताही धर्म नाही' अशी नोंद मागितली, तर सरकारी मुद्रणालयानं नाही म्हटलं. ते उच्च न्यायालयात गेले आणि २३ सप्टेंबर २०१४ ला निकाल लागला, की कुणालाही धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही आणि 'धर्म नाही' असं म्हणण्याचाही नागरिकाला हक्क आहे. तमिळनाडूत तिरुपत्तूरच्या स्नेहा पार्तिबराजा या वकील बाईंनी २०१९ मध्ये जात नाही, धर्म नाही असा दाखलाच तहसीलदाराकडून मिळवला. त्यासाठी त्या कित्येक वर्षं भांडत होत्या.

मध्यंतरी एक मुलगी ऑनलाइन अर्ज भरायला आली. आई-बाप दोन धर्मांचे. धर्माच्या रकान्याशी आल्यावर म्हणाली, "हे सोडून द्या." भाच्यानं दाखवलं, की सोडता येत नाही, लाल तारा आहे. "इतर टाकू का ताई?" "इतर कशी? मी कुठलीच नाही म्हणते आहे." मी तिला २०१४ च्या निकालाचं सांगितलं. तिनं मोबाइलवर तो शोधला, वाचला, आणि विचारलं, "मग हा इथं कुठं जोडायचा?" अपलोड करायला चार जागा होत्या: फोटो, सही, उत्पन्नाचा दाखला, टीसी. अर्ज तसाच सेव्ह करून, त्या विभागाला आधी लेखी विचारते म्हणून ती गेली. मुदत अजून होती.