घरचा पाळणा आणि पंढरीची वारी

ज्येष्ठ महिना लागला की माळकऱ्याचे पाय आपोआप देहू-आळंदीच्या वाटेकडे वळू लागतात. पण संसारातले प्रसंग पंचांगाला विचारून येत नाहीत. घरात दोन लेकरे आहेत, तिसऱ्याची चाहूल लागली आहे, आणि कारभारणीचे दिवस भरत आले ते नेमके पालखीच्या प्रस्थानाला. अशा वेळी माळकरी अडतो. "बापाच्या वेळेपासून वारी चुकलेली नाही. आता काय करू? पांडुरंग रागावेल का?" असे विचारणारे बंधू दिंडीत आणि फडावर भेटतात. त्यांच्यासाठी आज हा विचार करू.

उत्तर आमच्या पदरचे नाही, संतांच्या घरचे आहे. चोखोबा आणि सोयराबाई यांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. सोयराबाई बाळंत होण्याच्या सुमारास चोखोबा बहिणीकडे, निर्मळेकडे गेले होते. घरात दारिद्र्य, जवळ जाणते बाईमाणूस नाही. तेव्हा पांडुरंगच निर्मळेचे रूप घेऊन दाराशी आला आणि त्याने सोयराबाईंचे बाळंतपण केले. तेच बाळ पुढे संत कर्ममेळा झाले. त्यांचेही अभंग आपल्याला लाभले आहेत.

कथा ऐकून आपण मान डोलावतो आणि उठतो. पण जरा थांबून पाहा. देव नणंद होऊन आला. बाळंतपण करणे म्हणजे पाणी तापवणे, आई-बाळाला न्हाऊ घालणे, मळलेली लुगडी धुणे. लोकांनी ज्याला विटाळ म्हटले, ते काम देवाने अंगावर घेतले. मग ते आपल्या नेमाच्या आड येते असे कसे म्हणावे? दुसरे असे की, देवाला यावे लागले, कारण घरचा माणूस जागेवर नव्हता. चोखोबांचा अधिकार मोठा, त्यांना बोल लावण्याची आमची प्राज्ञा नाही. पण आपण त्यांच्या भक्तीची बरोबरी न करता नुसत्या गैरहजेरीची बरोबरी करू नये, एवढेच सांगणे.

पुंडलिकाचे तर रोज नाव घेतो. तो आईबापांच्या सेवेत होता, देव दारी आला, आणि त्याने वीट पुढे केली. सेवा सोडून उठला नाही. देव त्या विटेवर अजून उभा आहे. घरची सेवा पुरी होईतो थांबण्याची ज्याला युगानुयुगांची सवय, तो तुमच्यासाठी एक आषाढी थांबणार नाही काय?

जिजाबाईंना आपण कजाग म्हणून हसतो. 1650 साली तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा त्या गरोदर होत्या. नारायण मागाहून जन्मला. धन्याच्या पाठीमागे त्या माउलीने ते दिवस कसे काढले असतील, हे आपल्या मनातही येत नाही. त्याच नारायणबाबांनी 1685 साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याचा सोहळा सुरू केला. ज्या सोहळ्यासाठी आपण बाळंतिणीला टाकून निघू म्हणतो, तो सोहळाच एका बाळंतिणीने वाढवलेल्या लेकराने उभा केला आहे!

तेव्हा घरी राहावे. पण घरी राहून ओट्यावर तंबाखू मळत बसणे ही सेवा नव्हे. दिवस असताना डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला आपण सोबत जावे. रक्तवाढीच्या गोळ्या ती घेते की नाही ते पाहावे. बाळंतपण दवाखान्यातच करावे. वाहन आधी ठरवून ठेवावे, नाहीतर कळा सुरू होताच 102 किंवा 108 क्रमांकावर गाडी बोलवावी. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायला घ्यावे. पहिले दाट पिवळे दूध, ज्याला चीक म्हणतात, ते काही घरी पिळून टाकतात. तसे करू नये, बाळाला त्याच्याइतके हिताचे दुसरे काही नाही. मध, घुटी, साखरपाणी चाटवू नये. पहिले सहा महिने आईचे दूध, वर पाणीसुद्धा नको. आणि पुन्हा दिवस जाण्यापूर्वी निदान दोन वर्षे मध्ये जाऊ द्यावी. आईच्या अंगात शक्ती भरून येण्यास तेवढा काळ लागतो.

सोयर पाळणे ही घरोघरची रीत. पण त्या नावाखाली बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत उपाशी ठेवू नये. नामाला सोयरसुतक नाही. पाळण्याची दोरी हाती धरून हरिपाठ म्हणावा, बाळ आणि आई दोघेही ऐकतील.

आता मोठ्या लेकरांचे. कालपर्यंत आईच्या कुशीत निजणारे पोर आज दाराशी उभे राहून बघत असते. हट्ट करते, धाकट्याला चिमटा काढते. त्याला धपाटा घालू नये. जनाबाईंनी विठोबाला लेकुरवाळा म्हटले आहे. तान्हे कडेवर आले म्हणून तो मोठ्याचे बोट सोडत नाही. बापाने त्या दिवसांत मोठ्याला आपल्या ताटात घ्यावे, आपल्याजवळ निजवावे.

आणि पुन्हा मुलगीच झाली तर? तोंड पाडू नये. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान यांच्या पाठीवर चौथी आली ती मुक्ताई. ज्ञानोबा ताटी लावून बसले, तेव्हा ती उघडायला लावणारी हीच धाकटी बहीण होती.

एकादशीला घरीच तुळशीपुढे टाळ वाजवावा. पुढल्या सालच्या वारीला बाळ वर्षाचे झालेले असेल. ते आईच्या कडेवर बसून टाळी वाजवील, आणि आपण दोघांचे ओझे खांद्यावर घेऊन पुढे चालू. ती वारी देवाला अधिक गोड लागेल.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.