कुरणाचे वांटेकरी : मेंढरें आणि चिंकारा

पुणें शहरापासून पूर्वेस निघालें म्हणजे पाऊस झपाट्यानें कमी होत जातो आणि दौंड, बारामती, इंदापूर या बाजूस उघडे माळ दिसूं लागतात. त्यांस 'पडीक' म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः हीं कुरणें होत. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी हीं गवतें येथें आपोआप उगवतात, व त्यांवर धनगराचीं मेंढरें आणि चिंकारा हरिण हीं दोघें पिढ्यान्‌पिढ्या जगत आलीं आहेत. चिंकाऱ्यासाठीं सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालीं झालें, पण त्याचें क्षेत्र ५ चौरस किलोमीटरांहून किंचित् अधिक. एवढ्या जागेंत हरिण मावत नाहीं. तें आमच्या माळावर व बांधावर येतेंच.

हरिण आलें कीं मेंढरांचा चारा गेला, असें कांहीं म्हणतात. मेंढरें आलीं कीं हरिण उपाशी, असें इतर म्हणतात. कोण काय खातें हें आधीं पाहूं. गाय उंच गवताला जिभेचा वेढा घालून तें तोडते. आखूड गवत तिला नीट धरतां येत नाहीं. मेंढी जमिनीलगत कातरते. शेळी पाला ओरबाडते. चिंकारा हें वीस-पंचवीस किलोंचें जनावर. तें गवताबरोबर झुडपांचा पाला, शेंगा व कोंवळे अंकुर वेंचून खातें आणि पाण्यावांचून बरेच दिवस राहतें. तेव्हां त्याची खरी चढाओढ शेळीशीं. मेंढीशीं कमी, गायीशीं त्याहून कमी. रेहेकुरीच्या काळविटाची गोष्ट निराळी. तो मुख्यतः गवतावर जगतो, म्हणून मेंढीच्या ताटांत त्याचा हात अधिक.

ऋतु बदलला म्हणजे हिशेबही बदलतो. केनियांतील लैकिपिया पठारावर गायी कांहीं ठिकाणीं एकट्या व कांहीं ठिकाणीं झेब्र्यांसारख्या वन्य जनावरांबरोबर चारून पाहिल्या. त्याचा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यांत सोबतीनें गायींचें वजन कमी वाढलें. पावसाळ्यांत मात्र तें अधिक वाढलें, कारण वन्य जनावरांनीं वाळलेले जाड देंठ खाऊन टाकल्यानें कोंवळा चारा गायींच्या तोंडीं लागला. आमची कुसळी पाहा. कोंवळी असतां जनावरें ती आवडीनें खातात. कुसळें धरलीं कीं तोंड लावीत नाहींत, उलट तीं लोकरींतून कातडींत शिरतात. पावसांत हलकी चराई झालेला माळ म्हणूनच हरणासही रुचतो.

खरी ओढाताण माघापासून मृगापर्यंत. या काळांत अनेक धनगर कळप घेऊन कोंकणांत असतात व पावसाच्या तोंडीं परततात; आमच्या शेतांत मेंढ्या बसवून खत होतें तें वाटेवरचें. ही जुनी चाल माळास नेमक्या टंचाईंत विसांवा देते. वाटेवरचीं कुरणें उसाखालीं व घरांच्या प्लॉटांखालीं गेलीं आणि कळप बारमाही एकाच माळावर राहिला, तर दोष मेंढीचा कसा म्हणावा? चराई साफ बंद करण्याचा उपायही आम्हांस पुरता पटत नाहीं. न चरलेलें गवत जून होतें व उन्हाळ्यांत वणव्यास सरपण पुरवितें. माळाचे तीन भाग करून पाळीपाळीनें एक भाग बीं झडेपर्यंत राखावा, हें बरें. गवताळ माळावर गिरिपुष्पासारखीं झाडें दाट लावणें तर गवत व हरिण दोहोंसही घातक. त्यांच्या सावलींत गवत मरतें.

रोगाचें मात्र सामाईकपण निर्विवाद. गुरांच्या साथींच्या अभ्यासासाठीं सरकारनें १८८९ सालीं पुण्यांतच प्रयोगशाळा काढली होती. १८९३ सालीं ती मुक्तेश्वरास गेली. त्या काळीं बुळकांडीनें आफ्रिकेंत गायींबरोबर रानम्हशींचाही संहार केला. पुढें गायींस लस टोंचल्यावर सेरेंगेटींतील विल्डेबीस्ट अडीच लाखांवरून बारा लाखांवर गेले, वन्य जनावरास एकही सुई न टोंचतां. बुळकांडी जगांतून गेल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. तिचा भाऊबंद पीपीआर अजून आहे. त्यानें २०१६-१७ सालीं मंगोलियांत हजारों सायगा हरणें मारलीं. म्हणून मेंढ्यांशेळ्यांस पीपीआरची लस वेळेवर टोंचून घ्यावी, आजारी जनावर सामाईक पाणवठ्यावर नेऊं नये, आणि कळपाचें कुत्रें पाडसांच्या दिवसांत मोकळें सोडूं नये.