थेट सीनियरना लिही

चि. बाळ,


तीसेक लॉ फर्मना बायोडेटा पाठवलास आणि एकीचंही उत्तर नाही, हे तुझ्या आईकडून ऐकून जीव तुटला. पण त्यावरून स्वतःची लायकी ठरवू नकोस. त्या ढिगात तुझं नाव कुणी वाचलंच नसेल. आता थेट माणसालाच लिही.

माणूस शोधायला हायकोर्टाच्या साइटवरचे निकाल उघड. पहिल्याच पानावर कुणातर्फे कोण उभं राहिलं ते छापलेलं असतं. काउन्सेलच्या नावापुढे ‘आय/बी’ आणि फर्मचं नाव दिसलं की समजायचं, पक्षकार त्या फर्मचा आणि ब्रीफ तिनं दिलंय. त्या फर्मचा जो पार्टनर ही कामं बघतो, पत्र त्याच्या नावानं जाऊ दे. सीनियर काउन्सेलनाही लिही. त्यांना वकालतनामा दाखल करता येत नाही आणि फर्मची नोकरी देणंही त्यांच्या हातात नसतं. पण पार्टनर मंडळी कॉन्फरन्सला त्यांच्याकडेच येतात. त्यांनी नुसतं नाव सुचवलं तरी दार उघडतं.

‘आपल्या नामांकित फर्ममध्ये काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ हे तुझं पहिलं वाक्य मात्र काढून टाक. त्यांच्या एखाद्या केसचा निकाल नीट वाच, त्यातला कुठला मुद्दा तुला भिडला ते दोन ओळींत लिही, आणि मग स्वतःचं सांग. तू तलासरीची, वारली बोलतेस. आजोबांचा सातबारा नि फेरफार तूच वाचून दाखवायचीस. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे आदिवासीची जमीन कुठे अडते, वनहक्काचा दावा ग्रामसभेतून पुढे कसा सरकतो, हे तू घरात पाहिलंयस. १९९१ ची डहाणूची पर्यावरण अधिसूचना आणि १९९६ मध्ये न्या. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली आलेलं प्राधिकरण यांवर तू निबंध लिहिलास. बुलेट ट्रेन, वाढवण बंदर, हायवे यांची कागदपत्रं तपासणाऱ्यांना असं माणूस हवंच असतं. बहुतेकदा ते काम कंपनीच्या बाजूचं असतं, आणि ते मला टोचतं. कुठल्या बाजूला बसायचं हे तू ठरव, पण ठरवून बस.

नोकरी मागू नकोस, पंधरा मिनिटांची भेट माग. सकाळी फोन नको, तेव्हा कोर्टाच्या बोर्डाची धावपळ असते. कोर्ट उठल्यावर आधी क्लार्कना विचार आणि त्यांच्याशी अदबीनं बोल, साहेबांची वेळ त्यांच्याच हातात असते. मला फोर्टातल्या एका चेंबरमधून तीनदा ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं होतं. चौथ्या दिवशी साहेबांनी माझ्याकडे न बघताच एक फेरफार पुढे सरकवला, ‘वाचता येतो?’ म्हणाले. मोडी शिक्क्यासकट वाचला. दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाले.

आठवड्यात उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण कर, त्यापुढे नको.

रविवारी डहाणूला ये. तीन निकाल आणि पत्राचा कच्चा मसुदा घेऊन ये, आपण बसून नीट करू.

तुझा,
काका