पाच इंद्रिये, पाच चित्रे


१६३८ च्या सुमारास पॅरिस येथे अब्राहाम बोस ह्या कलावंताने पंचेंद्रियांची पाच एचिंग चित्रे केली. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर लेप चढवितात, सुईने तो ओरखडतात आणि उघडा पडलेला भाग आम्लाने कोरून घेतात.

पूर्वीचे चित्रकार इंद्रियांना बहुधा स्त्रीरूप देऊन सोबत एखादा प्राणी दाखवीत. बोसने मात्र घरातली माणसे घेतली: दृष्टीसाठी दुर्बिणीतून पाहणारा पुरुष, श्रवणासाठी एकत्र गाणारी मंडळी, चवीसाठी जेवायला बसलेले जोडपे.

इंद्रियांची कसोटी रोजच्या घरातच लागते, हा त्यातला बोध. जिथे लेप निघतो तिथेच आम्ल शिरते. आपण डोळे, कान कशासाठी उघडे ठेवतो? आज जेवताना टीव्ही बंद ठेवून एकमेकांचे ऐकू या.