रात्री आलेला रिपोर्ट

‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेतलं होतं. सकाळी मालाडच्या घरी येऊन रक्त नेलं, रात्री रिपोर्ट व्हॉट्सॲपवर हजर. बाकी सगळं ठीक, फक्त एक आकडा ठळक अक्षरांत : इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) ९ टक्के, मर्यादा ६. दवाखाना बंद झालेला, मोबाइल मात्र हातात. शोधलं तर ॲलर्जी, जंत, आणि खाली रक्ताचा कर्करोग. नजर तिथेच अडकली.

मग गाठ शोधत मान चाचपणं सुरू झालं. सारखं दाबून मान दुखायची, ते दुखणंही लक्षणच वाटायचं. झोप उडाली, छातीत धडधड व्हायला लागली. मग धडधडीचा शोध. न मागता कर्करोगाचे व्हिडिओ समोर यायला लागले. एक पान धीर द्यायचं, तासाभरात तो ओसरायचा. घरात कुणाशी धड बोलणं उरलं नाही.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी विचारलं, “सकाळी शिंका येतात का?” येत होत्या. आमच्या गल्लीत पुनर्विकासाची बांधकामं चालू आहेत, धूळ कायमची. त्यांनी ॲलर्जीचं औषध आणि जंताची गोळी दिली. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. मनाची धडधड शमायला त्याहून जास्त वेळ लागला.

डॉक्टरांनीच समजावलेली एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक हवी. रिपोर्टवरची मर्यादा बहुधा अशी ठरवतात, की १०० निरोगी माणसांपैकी ९५ त्यात बसावीत. म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६० टक्क्यांहून अधिक. पॅकेजमध्ये तर साठ-सत्तर चाचण्या असतात! त्यात इंटरनेटची भर. साध्या डोकेदुखीचा शोध लोकांना मेंदूच्या गाठीपर्यंत कसा नेतो, हे मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्व्हिट्झ यांनी २००८ मध्येच दाखवलं होतं. इंटरनेटला तुमचं वय, शिंका, गल्लीतली धूळ काही माहीत नसतं.

म्हणून तपासणी करायची तर डॉक्टरांना विचारून करा आणि रिपोर्ट त्यांच्यासमोरच वाचा. छातीत दुखतंय, धाप लागलीय, तर शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. प्रश्न पडले तर कागदावर लिहून न्या. आणि डॉक्टरांनी निर्वाळा देऊनही हात पुन्हा पुन्हा मोबाइलकडे जात असेल, झोप लागत नसेल, तर ती काळजीच उपचार मागते आहे. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. संकोच न करता फोन करा.